मीठ, मेंदू आणि रक्तदाब

मृग लागण्यापूर्वी शहापूर-मुरबाडच्या आठवडी बाजारांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू होते. सुकट, बोंबील, खारा बांगडा घरोघर भरला जातो आणि भातलावणीचे कष्ट त्याच्याच आधाराने निभतात. म्हणूनच ‘घामावाटे मीठ निघून जाते, कष्टकऱ्याला ते बाधत नाही’ ही समजूत या मुलखात सहज रुजली आहे. घामातून क्षार जातो हे खरे. परंतु उन्हात राबण्याची सवय झालेल्या देहाचा घाम उत्तरोत्तर कमी खारट होतो, कारण शरीर मिठाची काटकसर आपणहून करू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमांहून कमी मिठाची मर्यादा घातली आहे, आणि त्या हिशेबात खाऱ्या मासळीतले व लोणच्यातले मीठही जमेस धरावे लागते. मासळी पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले, तर त्या मिठाचा काही भाग तरी निघून जातो.

‘रक्तदाब रागाने चढतो, मिठाचा काय संबंध?’ असेही पुष्कळ जण विचारतात. वस्तुतः रागाप्रमाणेच मिठाचीही वर्दी मेंदूपर्यंत पोचते. मेंदूच्या तळाशी, तिसऱ्या विवराच्या (पोकळीच्या) पुढील भिंतीत, रक्त आणि मेंदू यांमधील संरक्षक पडदा विरळ असलेल्या काही इवल्या जागा आहेत. रक्तातील सोडियम किंचित चढले, की तेथील पेशी तहान जागवितात आणि शरीरात पाणी राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा स्राव वाढवितात. रक्ताचा दाब वाढताच मोठ्या धमन्यांतील मज्जातंतू हा स्राव आवरण्याची ताकीद देतात. परंतु माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांना 2015 साली असे आढळले, की दीर्घकाळ अतिरिक्त मीठ दिलेल्या उंदरांत ही ताकीद निष्प्रभ होते आणि दाब चढतो. प्राण्यांवरील अन्य प्रयोगांत, जादा मिठाने रक्तवाहिन्या आवळणारी मज्जाकेंद्रे अधिक उत्तेजनशील झालेली दिसली. माणसाला हे जसेच्या तसे लागू करणे घाईचे ठरेल, आणि मूत्रपिंडाचा वाटा तर मोठाच आहे; तथापि रागाचे नाव पुढे करून मिठाला निर्दोष सोडता येत नाही, एवढे निश्चित.

‘सैंधव बाधत नाही’ या समजुतीची गोष्ट थोडक्यात आटोपते: सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच.

सर्वांत घातक समजूत मात्र ‘डोके गरगरत नाही, म्हणजे बीपी नाही’ ही होय. दाब वाढलेला असूनही बहुसंख्यांना काहीच जाणवत नाही; यास्तव तिशी ओलांडलेल्याने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून घ्यावा, आणि मीठ कमी केले म्हणून चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.