परक्या मैदानावरची शाळा

कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत २३ नोव्हेंबर २०२२ रोजी जपानने जर्मनीचा २-१ असा पराभव केला, तेव्हा क्रीडाजगताने त्याला धक्कादायक निकाल म्हटले. परंतु ज्यांनी जपानी खेळाडूंची यादी बारकाईने वाचली होती, त्यांना धक्का बसण्याचे फारसे कारण नव्हते. जपानचे दोन्ही गोल ज्यांनी केले ते रित्सु दोआन आणि ताकुमा असानो हे त्या वेळी जर्मनीतीलच फ्रायबुर्ग व बोखुम या क्लबांचे खेळाडू होते. २६ जणांच्या त्या संघातील ८ जण जर्मन क्लबांच्या नोकरीत होते आणि परदेशात खेळणाऱ्यांची एकूण संख्या १९ होती. उरलेल्या सातांपैकीही नागातोमो आणि हिरोकी साकाई यांच्यासारखे खेळाडू युरोपात अनेक वर्षे काढून मायदेशी परतलेले होते. थोडक्यात, जर्मनीपुढे त्या दिवशी परके असे कोणी उभे नव्हते. तिच्याच मैदानांवर दर आठवड्याला घाम गाळणारी मुले उभी होती.

याच्या उलट चित्र १९९८ चे आहे. त्या वर्षी जपान प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. संघातील सर्वच्या सर्व २२ खेळाडू जपानी क्लबांतले होते आणि अर्जेंटिना, क्रोएशिया व जमैका या तिघांकडूनही तो संघ हरला. या दोन याद्यांमध्ये २४ वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात काय घडले, हे समजून घेणे तरुण खेळाडूंच्या जडणघडणीविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे.

आरंभीचे प्रवासी

जपानी फुटबॉलने परदेशी विद्येचे वावडे कधीच मानले नाही. १९६० मध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांना पाचारण करण्यात आले. १९६५ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले. पण गुरूला घरी बोलावणे निराळे आणि गुरुगृही जाऊन राहणे निराळे. ते धाडस १९७७ मध्ये यासुहिको ओकुदेरा याने केले. तो पश्चिम जर्मनीतील कोलोन क्लबात दाखल झाला आणि पहिल्याच मोसमात त्या क्लबाने साखळी व चषक या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. १९८२ मध्ये काझुयोशी मिउरा हा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून ब्राझीलला गेला. चार वर्षांच्या उमेदवारीनंतर, १९८६ मध्ये, सांतोससारख्या नामांकित क्लबाने त्याला करारबद्ध केले.

हे दोघेही परत आले, ही गोष्ट त्यांच्या जाण्याइतकीच महत्त्वाची आहे. ओकुदेरा १९८६ मध्ये परतला तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल जवळजवळ नव्हतेच. ज्यांना प्रथम व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळाली त्यांत तो होता. मिउरा १९९० मध्ये परतला आणि १९९३ मध्ये व्यावसायिक 'जे लीग' सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. परदेशी गेलेल्यांनी आणलेली शिदोरी अशी घरच्यांच्या पानात पडली.

परदेश शिकवतो ते काय?

चेंडू अडवणे, वळवणे, अचूक टोलावणे ही कौशल्ये जपानी मुले घरीच शिकतात. परदेशी मैदान शिकवते ते वेगळेच. तेथे गेलेला तरुण हा पाहुणा नसतो. तो एका स्थानिक खेळाडूची जागा अडवणारा उमेदवार असतो. त्याच्याइतकाच चांगला खेळणारा मुलगा क्लबाला गावातच मिळत असेल, तर समुद्रापलीकडून कोणाला आणण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणून त्याला सरस ठरावे लागते, आणि तेही दर शनिवारी नव्याने. घरी मिळवलेली कीर्ती तेथे चालत नाही.

दुसरा धडा भाषेचा. हिदेतोशी नाकाता १९९८ मध्ये इटलीतील पेरुजा क्लबात गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पहिल्याच साखळी सामन्यात त्याने बलाढ्य युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. परंतु त्याने इटालियन भाषा आत्मसात केली, हे त्याच्या यशाचे कमी गाजलेले पण तितकेच खरे कारण होय. मैदानावरची आज्ञा अर्ध्या क्षणात द्यावी आणि घ्यावी लागते. शिवाय, ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद कटाक्षाने पाळणाऱ्या समाजातून आलेल्या मुलाला तेथे तिशीतल्या बचावपटूवर ओरडावे लागते. आदरार्थी बहुवचन शोधत बसायला चेंडू वेळ देत नाही. आपला विचार मोठ्यांसमोर स्पष्टपणे मांडण्याची ही सवय पुढे राष्ट्रीय संघाच्याही कामी येते.

तिसरा धडा एकटेपणाचा. संघातून वगळले गेल्यावर समजूत घालायला आई-वडील नसतात. स्वयंपाक, घरभाडे, दुखापत, कडाक्याची थंडी यांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. या दैनंदिन कारभारातून जी प्रौढता येते, ती कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही.

मोठे नाव, बंद मैदान

तथापि परदेशगमन हा रामबाण उपाय नव्हे. ज्या असानोने जर्मनीविरुद्ध विजयी गोल केला, त्याला २०१६ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनलने घेतले होते. त्याला तेथे काम करण्याचा परवाना मिळाला नाही आणि त्या क्लबासाठी तो एकही सामना खेळला नाही. तो घडला तो जर्मनी व सर्बियातील क्लबांत, जेथे त्याला प्रत्यक्ष खेळायला मिळाले. त्याच आर्सेनलमध्ये अठराव्या वर्षी गेलेल्या रियो मियाइचीच्या वाट्याला मुख्य संघातील संधी फार थोडी आली आणि दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. यावरून एक नियम निघतो. तरुण खेळाडू वाढतो तो छातीवरच्या बोधचिन्हाने नव्हे, तर मैदानावर घालवलेल्या मिनिटांनी.

जपान्यांनी हा नियम ओळखला. २०१७ मध्ये एका जपानी कंपनीने बेल्जियममधील सिंट ट्रॉयडन हा लहानसा क्लब ताब्यात घेतला. तोमियासू, वातारू एन्दो, कामादा हे पुढे नावारूपाला आलेले खेळाडू तेथे खेळले. माडीवर थेट उडी मारण्याऐवजी मधली पायरी बांधण्याचा हा शहाणपणा होता. काओरू मितोमाचे उदाहरण तर शिक्षकांनी वर्गात सांगावे असे आहे. त्याने व्यावसायिक करार लांबणीवर टाकून त्सुकुबा विद्यापीठात शिक्षण घेतले, चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवण्याच्या कलेवर पदवीचा प्रबंध लिहिला, आधी जपानी साखळीत नाव मिळवले आणि मगच २०२१ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन क्लबाशी करार केला. त्या क्लबानेही त्याला पहिले वर्ष बेल्जियममध्ये उसने पाठवले. या दिरंगाईने त्याचे काहीच बिघडले नाही.

घाईचे मोल कधी कधी मुलांनाच चुकवावे लागते. ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी बार्सेलोनाच्या प्रबोधिनीत गेला. परंतु अठरा वर्षांखालील परदेशी मुलांना घेण्याबाबतचे नियम मोडल्यामुळे त्या क्लबावर कारवाई झाली आणि २०१५ मध्ये त्याला मायदेशी परतावे लागले. कुबो पुढे स्पेनमध्ये यशस्वी झाला, कारण परतल्यावर त्याला सामावून घेणारी व्यवस्था घरी होती. पश्चिम आफ्रिकेतील कित्येक मुलांच्या नशिबी ती नसते. भामटे दलाल आई-वडिलांकडून पैसे उकळतात, मुलाला युरोपातल्या एखाद्या शहरात नेतात आणि चाचणीत तो नापास झाला की वाऱ्यावर सोडतात. अठरा वर्षांचा नियम जाचक वाटणाऱ्या पालकांनी तो कोणासाठी केला आहे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडचा हिशेब

भारताला हा मार्ग अपरिचित नाही. कलकत्त्याच्या मोहम्मद सलीमने १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबातर्फे अनवाणी खेळून प्रेक्षकांना थक्क केले होते. घरच्या ओढीने तो लवकरच परतला. १९९९ मध्ये बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबात गेला. गुरप्रीतसिंग संधू २०१४ ते २०१७ या काळात नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात होता. आधी राखीव गोलरक्षक म्हणून त्याने संयम शिकला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. २०२० मध्ये बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून, तर २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलनकडून खेळली. ही नावे अभिमानास्पद आहेत. पण ती बोटांवर मोजता येतात, यातच आपली उणीव दिसते. प्रत्येक जण आपल्या हिमतीवर गेला. मागून येणाऱ्यासाठी वाट रुळली नाही.

ती रुळावयाची तर आरंभ परदेशात नव्हे, घरी करावा लागेल. कोल्हापूरच्या तालमींच्या संघांत किंवा गोव्याच्या गावोगावच्या मैदानांवर सोळा-सतरा वर्षांच्या गुणी मुलांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना वर्षभर चुरशीचे सामने मिळण्याची. दोन आठवड्यांची परदेशवारी करून, एखाद्या विख्यात मैदानासमोर छायाचित्र काढून आलेल्या मुलाची वृत्तपत्रांत बातमी येते. त्याचा खेळ मात्र होता तेथेच राहतो. त्यापेक्षा अठराव्या वर्षी लहानशा युरोपीय वा आशियाई साखळीत दोन मोसम खेळण्याची सोय, सोबत तेथील भाषेचे शिक्षण आणि जमले नाही तर सन्मानाने परतण्याची हमी, ही त्रिसूत्री अधिक फलदायी ठरेल. जागतिक संघटनेच्या नियमानुसार खेळाडू पुढे मोठ्या रकमेला विकला गेल्यास, त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेतील ५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. म्हणजे मुलाला बाहेर पाठवणारा क्लब केवळ गमावतोच असे नाही.

देशाटनाने शहाणपण येते, हे मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. मात्र नुसत्या भ्रमंतीने ते येत नाही. घरून निघताना काही विद्या गाठीशी असावी लागते, परक्या ठिकाणी काम करावे लागते आणि परतल्यावर ती विद्या वापरू देणारे घर असावे लागते. जपानने या तिन्ही गोष्टींची तजवीज करण्यात पंचवीस-तीस वर्षे घातली. जर्मनीविरुद्धचे ते दोन गोल त्या दीर्घ मशागतीचे पीक होते.