क्षयाच्या गोळ्या आणि यकृताची सूज

क्षयरोगाच्या (टीबी) गोळ्या उष्ण पडतात आणि लिव्हर जाळतात, असा समज घरोघरी आहे. पहिल्या दोन महिन्यांतल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला त्रास देऊ शकतात, हे खरं. पण दर वेळी औषधच थेट इजा करतं असं नाही. काही रुग्णांत शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींचाही त्यात वाटा असतो.

आयसोनियाझिडचं विघटन यकृतात होतं. त्यातून निघणारे काही अतिक्रियाशील घटक तिथल्याच प्रथिनांना चिकटतात. सोसायटीतला नेहमीचा रहिवासी हेल्मेट घालून आला, की वॉचमन त्याला परका समजून अडवतो. तसंच टी-पेशी (शत्रू ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) या बदललेल्या प्रथिनांना परकं समजू शकतात. मग सूज येते आणि रक्तात एएलटी (इजा झालेल्या यकृतपेशींतून रक्तात उतरणारं विकर) वाढतं.

मात्र एएलटी थोडं वाढलं म्हणजे लिव्हर गेलं असं नव्हे. पुष्कळांत ही वाढ औषध चालू असतानाच ओसरते. अशा आकड्याला घाबरून उपचार परस्पर सोडले, तर क्षय उलटू शकतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. पण मळमळ, भूक मरणं, गडद लघवी किंवा डोळे पिवळे होणं दिसलं, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना गाठावं. लक्षणांसह एएलटी सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीवर किंवा लक्षणांविना पाचपटीवर गेलं, तर डॉक्टर ही औषधं थांबवतात आणि यकृत सावरल्यावर बहुधा एकेक करून पुन्हा सुरू करतात.