वादळात किनाराच सरकला, तर तो कोणाचा? गॅल्व्हेस्टन बेटाची गोष्ट

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये तुमचं कोणी राहत असेल, तर गॅल्व्हेस्टनच्या बीचचे फोटो फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेले असतील. भारतातून आई-बाबा आले की एक दिवस नासाचं स्पेस सेंटर आणि त्याच हायवेने पुढे गॅल्व्हेस्टन. ह्यूस्टनपासून अंतर साधारण ८० किलोमीटर.

फोटोत दिसतं तपकिरी पाणी, लांबलचक वाळू आणि रस्त्याच्या कडेने जाणारी उंच काँक्रीटची भिंत. ही भिंत तिथे का आहे? आणि लोक ज्या वाळूवर चटई टाकून बसतात, ती नेमकी कोणाच्या मालकीची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वादळात आहे आणि दुसऱ्याचं कोर्टाच्या निकालात. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हे बेट जागेवर स्थिर राहत नाही.

बॅरियर आयलंड म्हणजे काय?

गॅल्व्हेस्टन हे मुख्य भूमीला समांतर पसरलेलं वाळूचं बेट आहे. लांबी सुमारे ४३ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ५ किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला खाडी. समुद्राच्या लाटा आणि वादळं आधी या बेटावर आदळतात, त्यामुळे मागची जमीन काही प्रमाणात वाचते. म्हणून नाव बॅरियर आयलंड.

अशी बेटं खडकाची नसतात. लाटा, प्रवाह आणि वारा वाळू एकीकडून उचलतात आणि दुसरीकडे टाकतात. मोठ्या वादळात समुद्राकडची वाळू बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला जाऊन पडते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि अख्खं बेट हळूहळू सरकतं. निसर्गाच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही. अडचण सुरू होते ती बेटावर शहर बांधल्यावर.

१९०० मध्ये काय झालं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हेस्टन हे कापसाच्या निर्यातीवर श्रीमंत झालेलं बंदर होतं. लोकसंख्या सुमारे ३८ हजार. शहरातली सर्वांत उंच जागा मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम २.७ मीटरवर होती. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची वाळू शहरातले सखल भाग भरायला वापरली गेली होती, म्हणजे नैसर्गिक आडोसाही कमी झाला होता.

समुद्रभिंत बांधावी अशी मागणी आधीच झाली होती. पण हवामान खात्याचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून, वादळ गॅल्व्हेस्टनचं गंभीर नुकसान करेल ही भीती निराधार असल्याचं म्हटलं होतं.

८ सप्टेंबर १९०० रोजी वादळ आलं. समुद्राचं पाणी साडेचार मीटरहून जास्त चढलं. बेटाचा सर्वांत उंच भागही पाण्याखाली गेला. किनाऱ्यालगतच्या अनाथाश्रमातली ९० मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या १० नन्स मरण पावल्या, तिथली फक्त ३ मुलं वाचली. क्लाइन यांच्या पत्नीचाही मृत्यू झाला. एकूण मृतांचा अंदाज ६ हजार ते १२ हजार असा सांगितला जातो. अमेरिकेच्या इतिहासातली ही आजही सर्वांत जीवघेणी नैसर्गिक आपत्ती आहे.

शहर उचललं म्हणजे काय केलं?

लोकांनी बेट सोडलं नाही. १९०२ मध्ये समुद्रभिंतीचं काम सुरू झालं आणि १९०४ मध्ये सुमारे ५ किलोमीटरचा, ५.२ मीटर उंचीचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पुढे ही भिंत वाढत १६ किलोमीटरच्या वर गेली.

नुसती भिंत पुरेशी नव्हती, मागचं शहरही उंच करायचं होतं. त्यासाठी दोन हजारांहून जास्त इमारती जॅक लावून वर उचलल्या गेल्या. खालच्या मोकळ्या जागेत समुद्रतळातून उपसलेली ओली वाळू पाइपांनी सोडण्यात आली. सुमारे ३ हजार टनांचं एक चर्चही असंच उचललं गेलं. काम १९११ पर्यंत चाललं. तोवर लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत होते.

१९१५ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं. भिंत टिकली आणि शहरातली जीवितहानी १९०० च्या तुलनेत अगदी कमी झाली.

मग बीच कुठे गेला?

भिंतीने शहर वाचवलं, पण किनाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. भिंतीवर आपटून मागे फिरणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. मोकळा किनारा असता तर तो मागे सरकला असता. इथे मागे भिंत असल्याने त्याला सरकायला जागाच नाही. त्यामुळे भिंतीसमोरचा बीच अरुंद होत गेला आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा झाला. आज पर्यटक जिथे बसतात, त्यातली बरीच वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे.

वाळूवर हक्क कोणाचा?

टेक्सासमध्ये १९५९ मध्ये ‘ओपन बीचेस ॲक्ट’ हा कायदा झाला. नियम समजायला सोपा आहे. सरासरी भरतीरेषेच्या खालची ओली वाळू सरकारची, म्हणजे सर्वांची. त्याच्या वरच्या कोरड्या वाळूची मालकी खासगी असू शकते. पण जिथून गवत आणि वेली उगवायला लागतात त्या रेषेपर्यंत, लोकांच्या वापराचा हक्क तिथे आहे असं सिद्ध झालं, तर मालकाला कुंपण घालून कोणाला अडवता येत नाही. २००९ मध्ये मतदारांनी बीचवर जाण्याचा हक्क राज्याच्या घटनेतही घातला.

पण गवताची रेषाच मागे सरकली तर? बीचचा हक्कही तिच्याबरोबर सरकतो, अशी सरकारची भूमिका होती. म्हणजे काल अंगणात असलेली जागा आज सार्वजनिक, आणि घर बीचवर आलं तर ते हटवण्याचा आदेशही निघू शकतो.

२००५ च्या रीटा वादळानंतर गॅल्व्हेस्टनच्या पश्चिम भागातल्या एका घराबाबत नेमकं हेच घडलं आणि ‘सेव्हरन्स विरुद्ध पॅटरसन’ हा खटला उभा राहिला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अंतिम निकाल दिला. हळूहळू होणाऱ्या धुपेबरोबर लोकांचा हक्क सरकतो. वादळाने एका झटक्यात रेषा मागे नेली, तर तो हक्क आपोआप खासगी जमिनीवर जात नाही, सरकारला तो नव्याने सिद्ध करावा लागेल.

घरमालकांना दिलासा मिळाला, पण लगेच दुसरा प्रश्न आला. बीच खासगी असेल, तर तिथे वाळू टाकायला जनतेचा पैसा का? २०१० मध्ये याच खटल्यात आधीचा निकाल आल्यावर राज्याने पश्चिम भागातली वाळू भरण्याची मोठी योजना रद्द केली होती.

जाणार असाल तर काय लक्षात ठेवाल?

पाणी तपकिरी दिसतं म्हणून ते घाण आहे असं नाही. नद्यांनी आणलेला गाळ उथळ समुद्रात लाटांमुळे ढवळत राहतो. वसंतात आणि उन्हाळ्यात सार्गॅसम नावाचं समुद्री शेवाळ किनाऱ्यावर येतं. वास येतो, पण त्यात वाळू अडकते आणि टेकड्या तयार व्हायला मदत होते.

झेंडे बघूनच पाण्यात उतरा. हिरवा म्हणजे समुद्र शांत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका जास्त, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे जीव पाण्यात आहेत. समुद्रात गेलेल्या दगडी बांधांजवळ पोहू नका. तिथे आत ओढणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, तयार होतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात करा किंवा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाहेर पडा.

पुढे काय?

२००८ च्या आइक वादळात भिंत उभीच होती, पण पाणी मागून, खाडीच्या बाजूने शहरात शिरलं. त्यानंतर खाडीच्या तोंडावर प्रचंड दरवाजे आणि किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या उभारण्याची कल्पना पुढे आली. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या प्रकल्पाला मान्यता दिली. तेव्हाचा अंदाजे खर्च होता ३४ अब्ज डॉलर.

दरम्यान समुद्राची पातळी वाढते आहे आणि जमीनही खचते आहे. दोन्ही मिळून गॅल्व्हेस्टनला पाणी वर्षाला ६ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढतं आहे. म्हणजे भरतीरेषा सरकतच राहणार, आणि तिच्यासोबत मालकीचा वादही.