पाय सारखा मुरगळतो? घोट्याला शिकवा!

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भाविकांच्या परिचयाची आहे. आधी टेकाड चढायचे, मग दोन कातळांमधल्या अरुंद पायऱ्यांनी समुद्राकाठी उतरायचे आणि लाटांनी झिजवलेल्या खडबडीत खडकावरून देवळाकडे परतायचे. ओहोटी असेल तरच ही वाट धरावी, हे सगळे सांगतात. घोटा धड असेल तरच धरावी, हे मात्र कोणी सांगत नाही.

काही दिवसांपूर्वी एक तरुण दवाखान्यात आला. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे पुळणीवर धावायचा. म्हणाला, "डॉक्टर, उजवा पाय सारखा मुरगळतो. आता तर सपाट रस्त्यावरही दगा देतो." खोदून विचारले तेव्हा कळले, दोन वर्षांपूर्वी प्रदक्षिणेच्या खडकावर पाय लचकला होता. घरीच लेप लावला, आठ दिवसांत सूज उतरली आणि स्वारी पुन्हा धावू लागली. त्यानंतर तोच पाय पाच-सहा वेळा मुरगळला. सोबत आलेली आई म्हणाली, "त्याच्या पायाला सवयच लागलीय." माउलीचे निदान फारसे चुकीचे नव्हते!

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. पाऊल आत वळून मुरगळले की त्यांतला पुढचा बंध बहुधा आधी ताणला जातो किंवा फाटतो. हे बंध हाडांना नुसते बांधून ठेवत नाहीत. पाऊल कुठे, किती कलले आहे, याची खबरही त्यांतल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला जाते. फाटलेला बंध काही आठवड्यांत सांधतो, कधी थोडा सैल राहतो. पण खबर देण्याचे काम आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. ब्रिटिश शल्यविशारद डॉ. फ्रीमन यांनी १९६५ साली हाच मुद्दा मांडला आणि तोल सावरण्याच्या व्यायामाचा आग्रह धरला.

चालताना आपली टाच आधी टेकते, मग भार तळव्यावरून अंगठ्याकडे सरकतो. अस्थिर घोट्याचे पाऊल टेकतानाच किंचित आत वळलेले असते, त्यामुळे भार बाहेरच्या कडेवर पडतो. पावलाला बाहेर ओढणारे पोटरीच्या बाजूचे स्नायू वेळेवर मदतीला येत नाहीत. मग माणूस नकळत गुडघा आणि कंबर वापरून तोल सांभाळतो.

धावताना कसोटी अधिक कडक. दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात आणि मग शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पावलावर येतो. पाय मुरगळतो तो इतक्या झटक्यात, की नंतर सावरायला वेळच मिळत नाही. स्नायूंची तयारी पाऊल टेकण्याआधीच हवी. त्यात पुळण समुद्राकडे उतरती. उताराकडचे पाऊल प्रत्येक ढांगेला आत कलते. आमच्या तरुणाचा जाताना उजवा पाय समुद्राकडे असे!

वाचकहो, घरीच एक परीक्षा करून पाहा. भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा, मग दुसऱ्या. एक पाय जास्त डगमगत असेल, तर त्याला शिकवणीची गरज आहे. ही शिकवणी अशी :

१) रोज भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे, जमू लागले की डोळे मिटून, पुढे घडी घातलेल्या गोधडीवर.

२) सायकलच्या जुन्या ट्यूबचा वेढा दोन्ही पावलांना घालून दुखरे पाऊल बाहेरच्या बाजूला पंधरा वेळा ताणावे.

३) चवड्यांवर उठून सावकाश खाली यावे, पंधरा वेळा.

रोज दहा-पंधरा मिनिटे, निदान सहा ते आठ आठवडे. धावणे पुन्हा सुरू करताना आधी सपाट मैदान, मग पुळण. सुरुवातीला घोट्याला पट्टा बांधावा. पण पट्टा म्हणजे व्यायामाला सुट्टी नव्हे.

पाय ताजा मुरगळला असेल तर चोळू नये. क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा, कपड्यात गुंडाळून बर्फ लावावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. व्यायामानेही फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. क्वचित शस्त्रक्रिया लागते. दुखणे अंगावर काढले तर सांध्याची कूर्चा झिजून ऐन चाळिशीत संधिवात मागे लागू शकतो.

एक कबुली देतो. उमेदीच्या काळात मीही असे कित्येक रुग्ण बँडेज बांधून, गोळ्या देऊन घरी पाठवले. सूज उतरली म्हणजे काम झाले, असे वाटे. खरे काम तिथून सुरू होते.

त्या तरुणाची त्या वर्षीची भरती हुकली, याची हळहळ वाटते. दोन वर्षांपूर्वी कोणी त्याला रोजची दहा मिनिटे सांगितली असती, तर कदाचित हुकली नसती. आता तो नेमाने एका पायावर उभा राहतो. आई हसते म्हणे, "बगळा झालाय नुसता!" हसू द्या. पुढच्या भरतीला हाच बगळा धावणार आहे.