बहावा: टणक कवचाच्या बियांपासून झाडापर्यंत

ठाणे जिल्ह्यातील पानझडी जंगलांत आपसूक वाढणारा बहावा उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्या फुलांच्या लोंबत्या घोसांनी भरून जातो. त्या दिवसांत त्याची सावली विरळच असते, हे खरे. तरीही चार महिने धो-धो पाऊस आणि पुढे आठ महिने जवळजवळ कोरडे असलेल्या भिवंडीच्या हवामानाशी हे झाड मुळातच जुळलेले असल्यामुळे, यंत्रमाग आणि गोदामांच्या या परिसरात परदेशी शोभेच्या झाडांआधी त्याचा विचार व्हायला हवा.

त्याची रोपे बियांपासून तयार होतात, परंतु बी नुसते पेरून भागत नाही. साधारण ३० ते ६० सेंटीमीटर लांबीच्या काळ्या, नळीसारख्या शेंगेत आडव्या पडद्यांचे कप्पे असून प्रत्येक कप्प्यात चिकट मगज आणि एक चपटे, तुकतुकीत बी असते. या बियांचे कवच पाणी आत शिरू देत नाही, त्यामुळे बी जिवंत असूनही महिनोन्‌महिने रुजत नाही. या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. जंगलात माकडे, कोल्हे, अस्वले शेंगा खातात आणि बी दूरवर पसरवतात. रोपवाटिकेत मात्र किडीने पोखरलेले बी वगळून उरलेल्यांची कड कानशीने किंचित घासावी, अथवा उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर ठेवावे आणि फुगलेले तेवढेच पेरावे. सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, लवकर लांबत असल्याने खोल पिशव्या वापराव्यात. बहावा शेंगावर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर हवेतील नत्र बांधणाऱ्या गाठी येत नाहीत, म्हणून मातीत कुजलेले शेणखत मिसळणे हिताचे ठरते.

शेंगेतील मगज आयुर्वेदात ‘आरग्वध’ या नावाने सौम्य रेचक, म्हणजे पोट साफ करणारे औषध, म्हणून प्रसिद्ध आहे. तो वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा. सालीतील टॅनिन कातडे कमावण्यासाठी उपयोगी पडते, तर जड, टिकाऊ लाकडापासून शेतीची अवजारे बनवतात. फुलांतील परागकण मुख्यतः मोठे काळे भुंगे पंखांच्या स्नायूंच्या कंपनाने झाडून काढतात आणि त्यातूनच परागीकरण होऊन शेंगा धरतात. हे भुंगे वाळलेले लाकूड पोखरून घरटी करीत असल्याने, जिथे बहाव्याची लागवड होईल तिथे धोका नसलेले सुके ओंडके उचलून न नेता राहू द्यावेत.