उंच आमरी आणि डुगडुगणारी कुंडी

बाल्कनीतलं डेंड्रोबियम ऐन फुलावर असताना वाऱ्याच्या एका झोतात आडवं होतं, हा अनुभव आमरी पाळणाऱ्यांना नवा नाही. दोन-अडीच फूट उंच खोडं, त्यांच्या शेंड्यांवर हातभर तुरे आणि खाली चार-पाच इंचांची प्लॅस्टिकची कुंडी. आत कोळसा आणि नारळाचं सोडण, म्हणजे वजन जवळपास नाहीच. मग एक तर मोठी कुंडी आणली जाते, नाहीतर आहे त्या कुंडीत माती ओतली जाते. दोन्ही उपायांनी झाड उभं राहतं खरं, पण फार काळ जगत नाही.

डेंड्रोबियम मूळचं झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर वाढणारं. आपल्याकडे आंब्या-फणसाच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुलते, तीही अशीच झाडावर वाढणारी आमरी. अशा आमरींच्या मुळांवर मृत पेशींचं पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी शोषतं आणि मूळ हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा रुपेरी होतं. हे भिजणं आणि वाळणं आलटून-पालटून चालू राहिलं पाहिजे. मातीत किंवा कोकोपीटच्या भुशात हवेला जागाच उरत नाही. मोठ्या कुंडीची अडचण वेगळी: कडेचे तुकडे वाळतात, मधला गाभा ओलाच राहतो आणि मुळं काळी पडून गळतात. म्हणून कुंडी झाडाच्या उंचीवर ठरवायची नाही, मुळांच्या पसाऱ्यावर ठरवायची.

स्थिरतेचा विचार मात्र केलाच पाहिजे, आणि तो नुसता झाड पडू नये म्हणून नाही. बुंध्याशी हलणारं झाड नीट रुजत नाही. नवीन मुळाचं हिरवट, कधी तांबूस टोक फार नाजूक असतं. झाड डुललं की ते तुकड्यांवर घासतं आणि तिथेच त्याची वाढ थांबते. खतं-औषधं घालूनही आमरी वर्षभर जागची हलत नाही, तेव्हा मी आधी तिचं खोड चिमटीत धरून हलवून पाहतो.

उपाय साधा आहे: वजन तळाला, हवा वर. कुंडीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात काळ्या दगडाची जाड खडी घालावी. कोकणात जांभ्याचे तुकडे सहज मिळतात. ते जड आणि सच्छिद्र, दोन्ही असतात. संगमरवराच्या पांढऱ्या खड्यांच्या मोहात पडू नये. तो चुन्याचा दगड, आणि या मुळांना किंचित आम्लता मानवते. कुंडी मातीची असेल तर उत्तमच. प्लॅस्टिकचीच ठेवायची असेल तर ती तशीच एखाद्या जड, भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत बसवावी.

वरच्या भागात कोळसा, विटांचे किंवा मंगलोरी कौलांचे तुकडे आणि सोडण. प्रमाण तुमच्या गावच्या हवेवर. रत्नागिरीत, गोव्यात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर सोडण वाळतच नाही, म्हणून तिथे ते चवीपुरतं ठेवावं. पुण्यात निम्मं चालेल. नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याच्याशिवाय निभाव लागणार नाही. सोडणात क्षार असतात, त्यामुळे तुकडे दोन-तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावं. पहिलं पाणी गडद तपकिरी निघतं, ते फिकट झालं की तुकडे वापरायला तयार. सोडण दोनेक वर्षांत कुजून पीठ होतं, तेव्हा भर बदलायलाच हवी. कोळसा कुजत नाही, पण खताचे क्षार धरून ठेवतो. म्हणून अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी.

कुंडी बदलायची वेळ कॅलेंडरवर नसते, नव्या फुटव्यावर असते. फुटव्याच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसू लागले की बदलावी. जुनी खोडं कुंडीच्या कडेला टेकवावीत आणि नव्या फुटव्याचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवावं. आडवा कंद तुकड्यांच्या वरच राहू द्यावा. पुरला तर नवे कोंब सडतात. तुकडे बोथट काडीने कडेकडेने ठोसून बसवावेत. मग कुंडीत बांबूची काठी घट्ट रोवून खोडं तिला सुतळीने दोन ठिकाणी बांधावीत. शेवटी खोडांना धरून झाड अलगद उचलून पाहावं. कुंडीही सोबत उचलली गेली तर काम जमलं. झाड एकटंच हातात आलं तर पुन्हा ठोसा.

अर्थात सगळ्या उंच आमरी झाडावरच्या नसतात. बांबू ऑर्किड जमिनीतच वाढतं, त्याला निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन हवं. उलट ‘वांडा’ जातीच्या मोठ्या आमरींना लाकडी टोपलीत टांगलं तर भर जवळजवळ लागतच नाही, फक्त पाणी रोज द्यावं लागतं. तेव्हा रोप घेतानाच नर्सरीवाल्याला नाव विचारून घ्या. आणि मुळांभोवती कोकोपीटचा किंवा स्पंजाचा गड्डा आहे का, तेही बघा. रोपवाटिकेच्या बंदिस्त हवेत तो चालतो, पण तुमच्या बाल्कनीत पहिल्याच पावसाळ्यात मुळं सडवतो. फुलं गळून नवा फुटवा मुळं धरू लागला की तो गड्डा सोडवून टाका.