कोल्हा, उंदीर, साप आणि आपले अंगण

पेसाह आटोपला की मला येणारे फोन बदलतात. हिवाळ्यात खोकला, गुडघे आणि साखर. उन्हाळ्यात मात्र "अंगणात साप दिसला", "रात्री कोंबडी कोणी नेली", "नातवाच्या गालावरचा फोड दोन महिने झाले तरी बसत नाही". नर्सची नोकरी सुटून बरीच वर्षे झाली, पण फोन सुटलेले नाहीत. मोशावात किंवा गावाच्या कडेला घर घेतलेल्या कुटुंबांकडून हे प्रश्न इतके येतात, की या वेळी औषधांऐवजी अंगणाबद्दलच लिहिते.

येथील रानातले पुष्कळ प्राणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे आहेत. संध्याकाळी कोल्हेकुई करणारा येथला 'तान' म्हणजे कोकणातला तोच कोल्हा. बटाटे आणि कांदे उकरणारे साळिंदर तेच. येथला सर्वांत धोक्याचा साप 'त्सेफा' हा आपल्या घोणशीचा जवळचा भाऊबंद, आणि नेगेव व मृत समुद्राकडच्या भागात फुरशाचाही एक नातेवाईक आहे. अलिबाग-पेणकडे आजी ज्या गोष्टी सांगत, त्यातल्या काही येथे जशाच्या तशा लागू पडतात, काही अगदी पडत नाहीत.

सुरुवात उंदरांपासून करावी लागते, कारण बाकीचे पाहुणे त्यांच्या मागून येतात. उंदीर का येतो? मांजरांसाठी रात्रभर बाहेर ठेवलेले खाणे, झाडाखाली कुजणारे पेरू आणि शेसेक, कोंबड्यांचे सांडलेले दाणे, उघडा कचऱ्याचा डबा. मांजरांना घालायचे तर दिवसा घाला आणि तासाभराने भांडे उचला. पडलेली फळे रोज संध्याकाळी गोळा करा. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर घरात शिरतो, म्हणून नळाच्या पाइपाभोवतीची भोके तारेचा काथ्या कोंबून सिमेंटने बुजवा. नुसता फोम तो खाऊन टाकतो.

२००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे गेली, हे ज्यांचे नातेवाईक तेथे होते त्यांना आठवत असेल. तो रोग येथेही आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात गोलानमधल्या ओढ्यांत डुंबलेल्या लोकांना तो झाला होता. उंदीर, रानडुक्कर, गुरे यांच्या लघवीतून त्याचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून शरीरात जातात. अळू लावलेल्या ओल्या वाफ्यात अनवाणी उतरू नका. रबरी बूट आणि हातमोजे घाला. उंदरांच्या पिसवांमुळे होणारा टायफसही येथे आढळतो: ताप, जोराची डोकेदुखी, कधी अंगावर पुरळ. दोन्हींवर औषध आहे, पण कुपत-खोलिमच्या डॉक्टरला आपण होऊन सांगा की अंगणात उंदीर आहेत. ताप आलेल्या माणसाला डॉक्टर अंगणाबद्दल विचारतीलच असे नाही.

उंदरांचे विष मात्र मी कोणाच्या अंगणात सुचवत नाही. ते रक्त गोठू देत नाही. लहान मूल, कुत्रा, मांजर यांनी खाल्ले तर परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून लोक गाफील राहतात. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते. येथल्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून उलटा मार्ग धरला. बेत शेआनच्या खोऱ्यातल्या स्दे एलियाहू किबुत्झमध्ये शेतात खांबांवर पेट्या लावून गव्हाणी घुबडे वसवली, आणि ती पद्धत देशभर पसरली. आपल्याकडे घुबड दिसले की काही जण अजून तोंड फिरवतात. माझे म्हणणे एवढेच, की शेताला लागून घर असेल तर त्याला हाकलू नका.

आता साप. त्सेफा जाडसर, पिवळट-तपकिरी, पाठीवर नागमोडी गडद पट्टा. उन्हाळ्यात तो संध्याकाळनंतर फिरतो. लांब, चकचकीत काळा साप दिवसा सुळकन पळाला, तर तो बहुधा उंदीर खाणारा बिनविषारी साप. आपल्या धामणीसारखाच उपयोगी, आणि लोक त्यालाच फावड्याने मारतात. तुम्हाला ओळख पटत नसेल तर ओळखायला जवळ जाऊ नका. मुले आणि कुत्रा आत घ्या, लांबून नजर ठेवा आणि परवाना असलेल्या साप पकडणाऱ्याला बोलवा. त्याचा नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा.

गंधक, फिनेल, डिझेल, नॅप्थलीनच्या गोळ्या यांनी साप येत नाही, ही समजूत सोडा. सापावर परिणाम होत नाही, माणसावर होतो. विशेषतः ज्यांना जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे, म्हणजे ज्यांना 'फूल' खाऊ नका असे सांगितलेले असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. पांढऱ्या गोळ्या मुलांना मिठाईसारख्या दिसतात हे वेगळेच. खरा उपाय कंटाळवाणा आहे: भिंतीला टेकून रचलेली लाकडे, जुन्या फरशा, पालापाचोळा हलवा, गवत छाटलेले ठेवा, झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून वीतभर वर कापा. ठिबकच्या नळाची जमिनीतली पेटी हाताने उघडू नका, काठीने उघडा. तेथे साप आणि विंचू दोघांनाही गारवा आवडतो. आणि रात्री कढीपत्त्याची दोन पाने तोडायला चप्पल घालून, अंधारात जाण्याची आपली सवय! बंद बूट आणि बॅटरी.

साप चावलाच तर १०१. माणसाला बसवा किंवा निजवा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढली की ती कापावी लागतात. दोरी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे, यातले काहीही नको. सापाच्या मागे धावू नका.

पण मला सर्वांत जास्त काळजी कोल्ह्याची वाटते, कारण त्याच्या चाव्याला लोक चावाच समजत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एक मावशी, वय ७० च्या पुढे, पहाटे कोंबड्यांचा गलका ऐकून झाडू घेऊन बाहेर गेल्या. कोल्हा पळता पळता पोटरीला दात लावून गेला. दोन ठिपके, थोडे रक्त. त्यांनी हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागल्या. दुपारी मला सहज सांगितले.

"मावशी, चला, आत्ताच जायचं आहे."

"अगं, एवढंसं खरचटलंय. शब्बाथ तोंडावर आलाय, माझं जेवण व्हायचंय."

"जेवण मी करते. तुम्ही आधी पाय नळाखाली धरा."

पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने पाय धुतला, हळद सगळी काढली. मग त्यांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेले. तेथून लिश्कात हाब्रियुतला, म्हणजे आरोग्य खात्याच्या जिल्हा कचेरीला कळवले गेले. कुत्रा चावला तर त्याला १० दिवस नजरेखाली ठेवता येते. कोल्हा पळून गेला, त्याला कोण बघणार? म्हणून त्याला रेबीज, येथल्या भाषेत 'कलेवेत', आहे असेच धरून चालावे लागते. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि दंडात लस, पुढचे डोस ठरल्या तारखांना. मावशी कुरकुरत सगळ्या डोसांना गेल्या.

हे एवढे ताणून सांगते, कारण रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. लक्षणांच्या आधी लस मिळाली तर जवळजवळ सगळे वाचतात. २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ मध्ये गिलबोआ आणि बेत शेआन भागात रेबीज झालेले कोल्हे मोठ्या संख्येने सापडले. सरकार रानात विमानातून मासळीच्या वासाच्या लसीच्या वड्या टाकते, त्या मुलांना उचलू देऊ नका. जो कोल्हा माणसाला घाबरत नाही, दिवसाढवळ्या लडबडत येतो, त्याला "माणसाळलेला" म्हणून पोळी टाकू नका. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावीच लागते, तो कायदाच आहे.

कोंबड्यांचे खुराडे रात्री बंद हवे. कोल्हा खालून उकरतो, म्हणून जाळी जमिनीत निदान ३० सेंटिमीटर पुरा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला दुमडा. सापासाठी खालच्या भागाला १ सेंटिमीटरहून बारीक भोकांची जाळी लागते. हैफाकडे कार्मेलच्या उतारावर रानडुकरांचा त्रास असेल तर साधी जाळी ते उचलतात. मजबूत कुंपण आणि बंद कचरा, दोन्ही हवे.

राहिला तो गालावरचा फोड. दिमोना, येरुहामकडच्या वाचकांना 'शोशानात येरिहो' हे नाव ठाऊक असेल. वाळूमाशी चावल्यावर काही आठवड्यांनी न दुखणारी पुटकुळी येते, तिचा व्रण होतो आणि तो महिनोन्महिने राहून डाग ठेवून जातो. बिहारच्या काळाआजाराच्या जंतूचा हा भाऊबंद, पण येथे तो बहुतेक कातडीवरच थांबतो. नेगेवमध्ये जंतू वाळवंटी उंदरांत राहतो; तिबेरिया आणि मआले अदुमिमकडे 'शफान' या प्राण्यात, तोराहच्या निषिद्ध यादीतला तोच. नव्या वस्त्यांसाठी डोंगर फोडून मोठाले दगड उतारावर ढकलले जातात, आणि शफानाला आयती घरे मिळतात. आपल्या कुंपणाजवळचा दगडांचा ढीग हलवा किंवा पोकळ्या बुजवा. वाळूमाशी डासाहून लहान, आवाज न करणारी, साध्या मच्छरदाणीतून आत येणारी आहे. पण उडण्यात कमजोर. संध्याकाळी ओट्यावर बसताना पायाशी पंखा लावला तरी तिला जवळ येणे जड जाते. महिनाभर न भरणारा फोड त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, घरगुती मलम लावत बसू नका.

विचित्र वागणारा किंवा मेलेला कोल्हा दिसला तर हात न लावता नगरपालिकेच्या १०६ वर पशुवैद्यासाठी सांगा, किंवा निसर्ग व उद्यान प्राधिकरणाला तारा ३६३९ वर. शुक्रवारी दुपारी कळवायचे झाले तर उशीर करू नका.